यात्रिकाचे सोबती

मृत्यूची घटका कोणास सांगून येत नाहीं, म्हणून मनुष्यानें सदैव सावध असावें, हा उपदेश बहुतेक सर्व धर्मांत आढळतो. ख्रिस्ती धर्मांत त्यास विशेष महत्त्व आहे. धनी रात्रीं कोणत्या प्रहरीं परत येईल हें चाकरांस ठाऊक नसतें. वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारिकांपैकीं पांच जणींच्या दिव्यांस ऐन वेळीं तेल पुरत नाहीं. अशा दृष्टांतांनीं येशूनें आपल्या शिष्यांस जागें राहण्यास सांगितलें. परंतु त्याच धर्मग्रंथांत, विशेषतः पौलाच्या पत्रांत, दुसरीहि एक आज्ञा वारंवार येते. ती अशी कीं, श्रद्धावंतांनीं परस्परांस धीर द्यावा व परस्परांची उभारणी करावी. या दोन आज्ञांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं. सावधपणा ज्याचा त्यानेंच राखावयाचा असतो. दृष्टांतांतील शहाण्या कुमारिका तर आपलें तेल मैत्रिणींस देण्याचें साफ नाकारतात. मग सोबत्याचा उपयोग कोणता?

या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ धर्मपंडितांनीं दिलें आहे. परंतु त्या सर्वांहून अधिक समाधानकारक उत्तर एका कथेंत सांपडतें, असें आमचें मत आहे. ती कथा म्हणजे जॉन बन्यन या इंग्रज लेखकाचा 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हा ग्रंथ होय. त्याचा पहिला भाग १६७८ सालीं व दुसरा १६८४ सालीं प्रसिद्ध झाला. मराठी वाचकांस हा ग्रंथ अगदींच परका नाहीं. हरि केशवजी यांनीं केलेलें त्याचें भाषांतर 'यात्रिकक्रमण' या नांवानें १८४१ सालीं निघालें. म्हणजे बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'च्या सोळा वर्षें आधीं. मराठी कादंबरीच्या इतिहासांत या भाषांतराची नोंद होते, पण ती बहुधा नोंदीपुरतीच. मूळ ग्रंथाकडे वाङ्मय म्हणून पाहण्याचा प्रसंग आपल्याकडे क्वचितच आला आहे. तो प्रयत्न येथें थोडक्यांत करण्याचा विचार आहे. पात्रांचीं व स्थळांचीं रूपकात्मक नांवें आम्ही आमच्याच मराठींत दिलीं आहेत. जुन्या भाषांतरांतील म्हणून तीं समजूं नयेत.

ग्रंथकर्त्याच्या चरित्रांतील दोन गोष्टी प्रथम ध्यानांत घेतल्या पाहिजेत. बन्यनचा जन्म १६२८ सालीं बेडफर्ड गांवानजीक एल्स्टो येथें झाला. बाप भांड्यांस डाग देण्याचा धंदा करी. मुलानेंहि तोच पत्करला. शाळेचें शिक्षण बेताचेंच. तरुणपणीं धर्मविषयक गप्पा मारण्याचा त्यास मोठा नाद होता. एके दिवशीं बेडफर्डच्या रस्त्यांत तीन-चार गरीब बायका दारांत उन्हाला बसून ईश्वराविषयीं बोलत होत्या. आपणहि या विषयांतले जाणकार, अशा समजुतीनें तो जवळ गेला आणि ऐकतां ऐकतां गप्प झाला. त्यांचें बोलणें आपल्या आवांक्याबाहेरचें आहे, हें त्यास उमगलें. १६६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत हा प्रसंग त्यानें स्वतःच सांगितला आहे. ज्या मनुष्याच्या धर्मजीवनास व्यासपीठावरील प्रवचनापेक्षां शेजारणींच्या संवादानें अशी कलाटणी मिळाली, त्याच्या ग्रंथांत माणसें सारखीं एकमेकांशीं बोलत चालतात, यांत नवल नाहीं.

दुसरी गोष्ट तुरुंगवासाची. राजमान्य चर्चच्या परवानगीवांचून उपदेश केल्याबद्दल १६६० च्या नोव्हेंबरांत त्यास पकडण्यांत आलें व जवळजवळ बारा वर्षें बेडफर्डच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. उपदेश सोडून देण्याचें वचन दिलें असतें तर तो केव्हांच सुटला असता. घरीं दुसरी पत्नी एलिझाबेथ आणि पहिल्या पत्नीचीं चार मुलें होतीं. त्यांपैकीं थोरली मेरी आंधळी. तो तुरुंगांत नाड्या विणून घरखर्चास हातभार लावी. १६६१ सालीं एलिझाबेथ न्यायाधीशांपुढें उभी राहिली. मुलांचे हाल तिनें सांगितले. पण नवरा उपदेश सोडील काय असें विचारतांच, तोंडांत वाचा आहे तोंवर सोडणार नाहीं, अशा अर्थाचें उत्तर तिनें दिलें. 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चा आरंभ तुरुंगांतच झाला असें मानतात. तेव्हां घर सोडून निघालेल्या यात्रिकाची कथा लिहिणाऱ्यास, घर सुटणें म्हणजे काय हें कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

पहिल्या भागाचा आरंभ सर्वांस ठाऊक आहे. फाटक्या वस्त्रांतील एक मनुष्य, पाठीवर भलें मोठें ओझें, हातांत पुस्तक. आपलें नगर अग्नीनें भस्म होणार हें त्यास कळलें आहे. बायकामुलें मागून हाका मारीत असतां तो कानांत बोटें घालून माळावरून धांवत सुटतो. या एका चित्रामुळें अनेक वाचकांचा समज असा झाला आहे कीं, बन्यनचा धर्म केवळ एकट्याचा धर्म आहे. ज्यानें त्यानें आपला जीव वांचवावा, मागें राहिलेल्यांचें कांहींहि होवो. आक्षेप गंभीर आहे. परंतु चित्र पहिल्या पानांतील आहे, हें आक्षेपक विसरतात. ग्रंथ जसजसा पुढें सरकतो, तसतसा बन्यन या एकलेपणाचा एकेक धागा उसवीत जातो.

मृत्युच्छायेच्या दरींतून ख्रिस्ती हा नायक अंधारांत एकटाच चालला आहे. पुढें कोणी तरी स्तोत्र म्हणत जात असल्याचा आवाज त्याच्या कानीं पडतो. कोण तें दिसत नाहीं. पण आपल्यासारखाच आणखी कोणी या दरींत आहे एवढ्यानेंच त्याच्या पायांत बळ येतें. पुढें विश्वासू नांवाचा यात्रिक त्यास दिसतो. ख्रिस्ती धांवून त्यास मागें टाकतो, आपण पुढें गेलों म्हणून गर्वानें हंसतो, आणि लगेच असा आपटतो कीं, विश्वासूनें हात दिल्यावांचून त्यास उठतांहि येत नाहीं. हा प्रसंग चार-सहा ओळींत आटोपला आहे. बन्यनची लेखणी अशा ठिकाणीं सर्वांत अधिक खुलते. अध्यात्मांतील अहंकार हा मोठा विषय, पण त्यानें तो शाळकरी पोरांच्या शर्यतीसारखा दाखविला आहे.

मायाबाजारांत विश्वासूचा छळ होऊन त्यास प्राण गमवावे लागतात. त्या दोघांचें बोलणें-वागणें पाहून त्या बाजारांतलाच एक मनुष्य पालटतो व ख्रिस्तीबरोबर निघतो. हाच आशावंत. यापुढील सारी कथा या दोघांची आहे, आणि आमच्या मतें ग्रंथाचा आत्मा येथेंच आहे. वाट चुकवून संशयदुर्गाच्या हद्दींत नेणारा ख्रिस्ती असतो. त्यास क्षमा करणारा आशावंत. नैराश्य नांवाचा राक्षस दोघांस कोंडून मारतो आणि आत्महत्या करा असा सल्ला देतो. ख्रिस्तीचें मन तिकडे कलूंहि लागतें. तेव्हां आशावंत कोणतें नवें तत्त्वज्ञान सांगतो? कांहींच नाहीं. तूं पूर्वीं कोणकोणत्या संकटांतून निभावलास, येवढीच आठवण तो करून देतो. खचलेल्या मनुष्यास आपलाच इतिहास आठवत नाहीं. तो सोबत्यानें जपून ठेवावा लागतो. मग वचनाची किल्ली ख्रिस्तीस आठवते, आणि ती कोठें असते तर त्याच्याच छातीशीं. आशावंतानें ती दिली नाहीं. ती आठवेपर्यंत त्यानें मित्रास जिवंत ठेवलें.

यापुढें मोहिनीभूमि लागते. येथली हवाच अशी कीं, चालतां चालतां डोळे मिटतात आणि जो झोंपला तो बहुधा पुन्हां उठत नाहीं. आशावंत थोडा वेळ पडूं या म्हणतो. ख्रिस्ती त्यास सावध करतो आणि झोंप टळावी म्हणून एक साधी युक्ति काढतो: तुझ्या मनांत पालट कसा झाला तें पहिल्यापासून सांग. आशावंत सांगूं लागतो, ख्रिस्ती मधून मधून प्रश्न विचारतो, आणि बोलतां बोलतां ती भूमि मागें पडत जाते. आपण एकटे असतों तर येथेंच मेलों असतों, अशी कबुलीहि आशावंत देतो.

आरंभीं जो प्रश्न आम्ही मांडला, त्याचें उत्तर या प्रसंगांत आहे. दहा कुमारिकांच्या दृष्टांतांत एक गोष्ट बहुधा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. वरास उशीर झाला तेव्हां शहाण्या आणि मूर्ख अशा दहाहि जणींस झोंप लागली होती. तेल दुसऱ्यास देतां येत नाहीं, हें खरेंच. श्रद्धा ही उसनी मिळणारी वस्तु नव्हे. परंतु शेजारणीस झोंप लागूं न देणें, हें मात्र प्रत्येकीस करतां आलें असतें. बन्यननें तेवढी जागा हेरली. त्याच्या यात्रिकांची सिद्धता ही डोळे ताणून एकट्यानें केलेली पहाऱ्याची रात्र नाहीं; ती दोघांनीं बोलत काढलेली रात्र आहे.

शेवटीं नदी येते. तिच्यावर पूल नाहीं, आणि तिचें पाणी ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणें उथळ किंवा खोल होतें. अपोल्यन राक्षसाशीं तलवारीनें झुंजलेला ख्रिस्ती येथें बुडूं लागतो. जुनीं पापें त्याच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. मागाहून आलेला, त्याच्याच सोबतींत शिकलेला आशावंत त्याचें डोकें पाण्यावर धरून ठेवतो आणि पायाखालीं तळ लागतो आहे म्हणून सांगत राहतो. वडीलकी आणि धाकटेपण यांचा हिशेब येथें उलटा होतो. याच नदीवर अज्ञान नांवाचा एक प्रवासीहि येतो. वाटेंत त्यानें स्वच्छ सांगितलेलें असतें कीं, मन रमेल अशी संगत नसेल तर त्यास एकट्यानेंच चालणें आवडतें. त्यास व्यर्थ-आशा नांवाचा नावाडी सुखानें पलीकडे पोंचवितो; ख्रिस्तीला झालेल्या त्रासाचा त्यास स्पर्शहि होत नाहीं. पण वेशीवर त्याच्यापाशीं दाखला निघत नाहीं, आणि स्वर्गाच्या दारापासूनहि नरकाची वाट आहे असें पाहून स्वप्न संपतें.

दुसरा भाग पहिल्याहून कमी प्रतीचा आहे, असें अनेक टीकाकार म्हणतात. त्यांत तथ्यहि आहे. ख्रिस्तीची पत्नी ख्रिस्तियाना, तिचे चार मुलगे आणि शेजारीण दया हीं त्याच वाटेनें निघतात. थोरमना नांवाचा वाटाड्या त्यांच्यासाठीं राक्षसांशीं लढतो. मुलांची धर्मप्रश्नांत परीक्षा होते, लग्नें होतात. जिवावरचें संकट असें यात्रिकांवर क्वचितच येतें आणि कथेचा वेग मंदावतो. परंतु हा वेग कां मंदावला, याचा विचार टीकाकारांनीं पुरेसा केलेला दिसत नाहीं. या भागांत माणसांची एक दिंडीच तयार होत जाते, आणि दिंडीची चाल तिच्यांतल्या सर्वांत अशक्त मनुष्यानें ठरवावयाची असते. दुर्बळमन नांवाचा यात्रिक म्हणतो, तुमच्याबरोबर चालणें मला झेपणार नाहीं. थोरमना त्यास सांगतो कीं, दुबळ्यांस आधार देणें हेंच माझें काम, आम्ही तुझ्यासाठीं थांबूं. इतक्यांत कुबड्यांवर चालणारा लंगडा तेथें येतो आणि आपली एक कुबडी दुर्बळमनास देऊं करतो. पुढें संशयदुर्ग पाडला जातो तेव्हां हाच लंगडा, निराश नांवाच्या म्हाताऱ्याच्या भयभीता या मुलीचा हात धरून, एका हातांत कुबडी घेऊन रस्त्यावर नाचतो. आयुष्यभर धास्तावलेली मुलगी आणि पांगळा मनुष्य यांस नाचावयास लावणारा लेखक केवळ कठोर उपदेशक होता, असें कोण म्हणेल?

आणि मग नदीकाठीं बोलावणीं येऊं लागतात. आमच्या मतें इंग्रजी गद्यांतील हीं कांहीं अत्यंत सुंदर पानें होत. ख्रिस्तियानेस टपालानें पत्र येतें. दहा दिवसांच्या आंत धन्यापुढें हजर व्हावें, असा त्यांत निरोप. ती घाबरत नाहीं. मुलांस आशीर्वाद देते, सोबत्यांपैकीं प्रत्येकाशीं दोन शब्द बोलते, जवळ होतें नव्हतें तें गरिबांस देते आणि नदींत उतरते. लंगडा आपल्या कुबड्या मुलास ठेवून जातो. दुर्बळमनापाशीं देण्यासारखें दुबळें मन तेवढें असतें. तें उकिरड्यांत पुरावें असें तो सांगतो. निराश आणि भयभीता यांचें मृत्युपत्र सर्वांत विलक्षण. आमची उदासी आणि आमचें भय आमच्या मागें दुसऱ्यांच्या दारीं आश्रय मागत फिरतील. कोणी त्यांस घरांत घेऊं नये, एवढीच त्यांची विनंति. धीर जसा एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तशी भीतिहि जाते, आणि ती आपल्यापाशींच संपविणें ही देखील परोपकाराची एक तऱ्हा आहे, हें बन्यनइतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी सांगितलें असेल. म्हाताऱ्या प्रामाणिकाच्या वेळीं नदीस पूर आलेला असतो. पण त्यानें आयुष्यांतच सद्विवेकास तेथें भेटण्याचें सांगून ठेवलेलें असतें आणि तो हात द्यावयास येतो. सिद्धता म्हणजे काय, हें या सर्व मरणांवरून कळतें. ज्याचे त्याचे व्यवहार अगोदरच नीट झालेले आहेत, आणि निरोप घेण्यास माणसें भोंवतीं आहेत.

असें असलें तरी ग्रंथाचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. पहिला दोष अज्ञानाच्या शेवटाचा. बन्यनची सहानुभूति आपल्या मताच्या माणसांच्या दुबळेपणापुरती अथांग आहे. मत निराळें असलें कीं ती आटते. अज्ञान हा उद्धट तरुण असेल, पण ख्रिस्ती आणि आशावंत यांनीं त्याच्याशीं केलेला वाद त्यास सोबत घेण्यासाठीं होता, कीं हरविण्यासाठीं, याविषयीं शंका राहते. धीर देणाऱ्यांच्या मंडळाची कड कोठें संपते, हा प्रश्न बन्यननें स्वतःस विचारलेला नाहीं.

दुसरा दोष ख्रिस्तियानेचा. नवरा गेल्यावर सारा पश्चात्ताप तीच करते. कानांत बोटें घालून पळालेल्या नवऱ्यास मागील घराचा जाब कोणी विचारीत नाहीं. राजवाडा सुंदर येथें त्यास बायकामुलांविषयीं विचारतात आणि तो रडतो, एवढेंच. महाराष्ट्रीय वाचकास येथें लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्राची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनीं तो १९०० सालीं, आपल्या मनाची खात्री पटल्यावर स्वीकारला. मधल्या वर्षांतील ताटातूट, लोकांचे बोल, राग आणि नवऱ्यावरील माया हें सर्व मागें राहिलेल्या बाईनें स्वतः सांगितलें आहे. इंग्रजी रूपककथेंत जी बाजू मुकी राहिली, ती या मराठी ग्रंथांत बोलते. दोन्ही ग्रंथ एकापुढें एक ठेवून वाचले म्हणजे श्रद्धेची किंमत घरांत कोण किती देतो, याचा पुरा ताळेबंद मिळतो.

तथापि बन्यनच्या मनांतून ती सल गेली होती असें मात्र म्हणवत नाहीं. ग्रंथाच्या अगदीं शेवटीं अढळ नांवाच्या यात्रिकास बोलावणें येतें. आपण बायको व पांच लहान मुलें मागें टाकून आलों, असें तो थोरमनास सांगतो आणि विनंति करतो कीं, तूं परत जाशील तेव्हां त्यांस माझी हकीकत कळव. ख्रिस्तियाना आपल्या नवऱ्यामागून कशी आली तेंहि सांग. पहिल्या पानावर ज्या हाका ऐकूं येऊं नयेत म्हणून कानांत बोटें गेलीं, त्यांना शेवटच्या पानांत निरोप धाडण्याची व्यवस्था होते. ती पुरेशी आहे काय, याचा निर्णय वाचकांनीं करावा. आम्हांस ती अपुरी वाटते. परंतु प्रामाणिक वाटते.

हा ग्रंथ दोनशेंहून अधिक भाषांत गेला आहे, आणि तो सर्वत्र ख्रिस्ती लोकांनींच वाचला असें नाहीं. त्यांतील सिद्धांत ज्यांस मान्य नाहींत, त्यांनाहि मोहिनीभूमींतील तो संवाद आणि नदींतला तो हात कळतो. घरांत कोणी दीर्घ दुखण्यानें अंथरुणास खिळलें असतां, श्रद्धा डळमळली असतां किंवा वय झालें असतां आपण त्यास काय देऊं शकतों, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबास केव्हां ना केव्हां पडतो. आपली श्रद्धा काढून त्याच्या हातीं ठेवतां येत नाहीं. त्याचें डोकें पाण्यावर धरतां येतें, त्यानें पूर्वीं काढलेल्या दिवसांची आठवण देतां येते, आणि झोंप येऊं नये म्हणून तुझी गोष्ट पहिल्यापासून सांग असें म्हणतां येतें. भांड्यांस डाग देणाऱ्या एका मनुष्यानें तीनशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं एवढें सांगितलें. ज्यांनीं पहिला भाग वाचून ग्रंथ बाजूस ठेवला असेल, त्यांनीं दुसरा भाग अवश्य वाचावा, आणि शक्य तर घरांतील मंडळींस मोठ्यानें वाचून दाखवावा.